पुलर स्वतःचा आहे, मग ट्रेलरपण घेऊन टाकावा का?

साक्रीकडच्या एका भाऊंनी विचारलंय. पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, त्यांचा स्वतःचा, महिन्याचा हप्ता 58,000, अजून अडीच वर्षं बाकी. लोबेड, म्हणजे जड मशिनरी वाहायचा बुटका ट्रेलर, मात्र ट्रान्सपोर्टवाल्याचा आणि तो भाड्यातून 20 टक्के ट्रेलरचे म्हणून कापून घेतो. आता धुळ्यात तीन एक्सलचा सेकंडहँड लोबेड 12 लाखात मिळतोय. 3 लाख हातचे, त्यातले 2 लाख वहिनींच्या सोन्यावर, आणि 9 लाख फायनान्स, 13 टक्के, 4 वर्षं. घ्यावा का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की महिन्याला 72,000 दुसऱ्याच्या घशात जातात. जातात, पण कोणत्या महिन्यात? तुम्हीच सांगितलंय की दिवाळी ते मे महिन्याला तीन ट्रिपा होतात, एका ट्रिपचं भाडं साधारण 1,20,000, म्हणजे कटिंग 24,000 गुणिले तीन. पावसाळ्यात साईटवर चिखल, पोकलेन हलत नाही, चार महिने महिन्याला एकच ट्रिप. मग आठ महिन्यांचे 5,76,000 आणि चार महिन्यांचे 96,000, वर्षाला 6,72,000. हा खरा आकडा, 72,000 गुणिले बारा नाही.

आता ट्रेलर तुमचा झाला की काय काय तुमच्या अंगावर येतं ते बघू. 9 लाखाचा हप्ता बसतो साधारण 24,150, वर्षाला 2,90,000. टायर बारा, एक 20,000 धरा, लोबेडला दीड वर्ष चालले तरी नशीब, म्हणजे वर्षाला 1,60,000 टायरचेच. विमा, टॅक्स, पासिंग 60,000. ब्रेक, कमानपाटे, बुश, वेल्डिंग 80,000 धरतो, जुन्या मालाला हे कमीच आहे. बेरीज 5,90,000. उरले 82,000, आणि ते 3 लाख एफडीत असते तर 20-21 हजार व्याज आलं असतं, ते वजा केलं की 61,000. महिन्याला पाच हजार! आत्ता कोंडाईबारी घाटात ट्रेलरचा टायर फुटला तर शिव्या तुम्ही देता आणि पैसे ट्रान्सपोर्टवाला देतो, ही सोय त्या पाच हजारासाठी सोडायची आहे का ते बघा.

हां, कोणी म्हणेल हप्त्यात मुद्दलपण फिटतंय, चार वर्षांनी ट्रेलर आपला. बरोबर आहे, म्हणून मी सौदा वाईट आहे असं म्हणत नाहीये. सौदा पातळ आहे. सीझनमध्ये महिन्याला एक ट्रिप कमी झाली तर वाचणाऱ्या कटिंगमधूनच 1,92,000 जातात आणि तुम्ही मायनसमध्ये, पुलरची कमाई बुडाली ती वेगळीच.

आणि ट्रिप कमी होईल का, हाच माझ्या मते मूळ प्रश्न आहे. माल ट्रेलरमागे येत नाही भाऊ, माल ज्याच्याकडे कंपनीची ऑर्डर त्याच्याकडे येतो. तुमच्या ट्रान्सपोर्टवाल्याचे स्वतःचे लोबेड आहेत, त्यांचे हप्ते त्यालाही आहेत. उद्या तुम्ही स्वतःचा ट्रेलर जोडून उभे राहिलात तर तो आधी स्वतःचा ट्रेलर कोणाच्या तरी पुलरला लावून हलवेल आणि मग तुम्हाला फोन करेल. भुसावळच्या माझ्या एका क्लायंटचं हेच झालं, ट्रेलर घेतला आणि पहिले दोन महिने नुसता धुऊन पुसून उभा.

शिवाय आपल्याकडचा जड माल प्रकल्पाचा आहे. ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शिवाजीनगरचं सोलर झालं, दीपनगरला 660 मेगावॉटचं कोळशावरच्या विजेचं युनिट झालं, काम चालू असतं तोवर क्रेन, ट्रान्सफॉर्मर सगळं लोबेडवर, प्रकल्प सुरू झाला की दीपनगरला कोळसा येतो आणि तो रेल्वेने येतो. चार वर्षांचा हप्ता बांधताना चार वर्षं काम कुठे आहे ते माहीत पाहिजे. परतीचं काय? लोबेडला रिटर्न भाडं क्वचित मिळतं. फ्लॅटबेड, म्हणजे सपाट ट्रेलर, असता तर जालन्याहून सळई तरी भरता आली असती.

परमिशनचंही विसरू नका. माल मापाबाहेर असला की ओडीसीची, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची, वेगळी परवानगी लागते. ओव्हरलोडला 2019 च्या दुरुस्तीपासून 20,000 दंड आणि वर जादा प्रत्येक टनाला 2,000. आजवर हे ट्रान्सपोर्टवाला बघायचा.

म्हणून माझं मत, आत्ता घेऊ नका. वहिनींचं सोनं तर अजिबात नको. ते पुलर दोन महिने बंद पडला तर लागणार आहे, दोन महिन्यांचे हप्तेच 1,16,000 होतात. आधी कटिंग 20 टक्क्यांवरून 16 वर आणता येतं का ते ट्रान्सपोर्टवाल्याशी बोला. 16 झालं तर एक रुपया न गुंतवता वर्षाला 1,34,400 वाचतात, म्हणजे ट्रेलर घेऊन मिळणार होते त्याच्या दुपटीहून जास्त. नाही म्हणाला तरी बोलून काय जातंय? उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते, तीपण करून ठेवा. बिलं थकवणाऱ्याला 45 दिवसांत पैसे द्यायचा नियम दाखवता येतो.

माझं मत बदलेल ते एकाच गोष्टीने, दुसऱ्या दोन पार्ट्यांनी वर्षाला मिळून निदान पंधरा ट्रिपा तुमच्या ट्रेलरवर देऊ असं कागदावर दिलं तर. तेव्हासुद्धा फ्लॅटबेड किंवा सेमी-लोबेड बघा, परतीचा माल मिळेल असा. नवा घ्यायचा म्हणाल तर एक लक्षात घ्या, ट्रान्सपोर्ट कंपनीला गाडी भाड्याने देणाऱ्याला जीएसटी लागत नाही, पण मग ट्रेलरवर भरलेला जीएसटी परतही मिळत नाही, तो किमतीतच धरायचा.

आणि धुळ्याचा तो लोबेड बघायला गेलातच तर फिटर सोबत न्या, गूजनेकजवळचं, म्हणजे ट्रेलर पुलरला जोडतो त्या वाकड्या मानेजवळचं, वेल्डिंग बघायला सांगा, चेसिस नंबर आरसीशी जुळवा, फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. बारा लाख ही मागणी आहे, जूनमध्ये परत विचारा, पाऊस पडला की तोच माणूस वेगळं बोलेल.