शेवटचे बारा किलोमीटर

‘कॉलेजला जाणाऱ्या मुलीला कोणती गाडी घेऊन द्यावी?’ हा प्रश्न समुपदेशकाला विचारण्याचा आहे का, असे कोणालाही वाटेल. खरे तर तो शोरूममध्ये किंवा ओळखीच्या मेस्त्रीकडे सुटायला हवा. पण गाडीच्या विषयावरून घरातली माणसे दोन-दोन महिने एकमेकांशी तुटक बोलू लागतात, जेवणाची ताटे वेगवेगळ्या वेळी वाढली जाऊ लागतात, तेव्हा तो प्रश्न माझ्या टेबलावर येतो, आणि हल्ली तो बराच वेळा येतो. पुढील प्रकरण लिहिण्यास त्या कुटुंबाची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील मात्र मी बदलले आहेत.

मुलगी वीस वर्षांची, बेळगावात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. घर खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पलीकडे जंगलाच्या कडेला असलेल्या गावात. वडिलांची छोटी वीटभट्टी, थोडी भातशेती आणि काजूची झाडे. मुलगी पहाटे उठून गावच्या बसने खानापूर गाठते आणि तेथून दुसऱ्या बसने बेळगावला येते. तिचे कॉलेज खानापूर रस्त्यावरच, शहरात शिरण्याआधी लागते. परतीच्या वाटेवर, गावाकडची शेवटची बस संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास खानापुरातून सुटते. प्रॅक्टिकल लांबले की ती चुकते, मग वडील मोटारसायकल घेऊन न्यायला येतात.

पहिल्या भेटीला तिघेही आले आणि बसल्या बसल्या वडिलांनीच सुरुवात केली. “मॅडम, बस फुकट हाय. सरकार एक रुपाया घेत न्हाई, आणि हिला गाडी पायजे. बरं, घ्यायचीच तर बोलेरो घेऊया म्हणतो मी, भट्टीला बी चालंल. तर ती बी हिला नको.”

बसबद्दलचे त्यांचे म्हणणे खरे होते. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली कर्नाटकातील स्त्रियांना राज्याच्या साध्या बसमधून तिकिटाविना प्रवास करता येतो, आणि खानापूरसारख्या तालुक्यातल्या कितीतरी मुलींचे कॉलेज त्यामुळे सुटायचे वाचले आहे, हे मी स्वतः पाहते. आईचा मार्ग वेगळा होता. तिचा भाऊ गडहिंग्लजला असतो. त्याची २०१४ सालची छोटी गाडी दारात उभी होती आणि भाचीला ती तशीच द्यायला तो तयार होता. मुलीचे म्हणणे एका वाक्यात संपले. गाडी घेतली तर ऑटोमॅटिकच, नाहीतर नको. एवढे बोलून ती माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली.

येथे माझी एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. ऑटोमॅटिकचा हट्ट म्हणजे वर्गातल्या मैत्रिणींच्या गाड्यांशी बरोबरी, असा अर्थ मी मनातल्या मनात लावून टाकला होता. शहरातल्या मुलांच्या बाबतीत तो बरेचदा बरोबर ठरतो, म्हणून तो लवकर सुचतो.

दुसऱ्या भेटीत मुलगी एकटी आली. आम्ही अभ्यासाबद्दल, परीक्षेबद्दल, बसमधल्या गर्दीबद्दल बोललो, आणि मग मी विचारले की शेवटची गाडी कधी चालवलीस. तेव्हा कपिलेश्वर उड्डाणपुलाची गोष्ट बाहेर आली. ड्रायव्हिंग स्कूलचे वीस दिवस झाले होते, पक्का परवाना हातात आला होता, आणि एका रविवारी काकांची गाडी घेऊन ती वडिलांसोबत बाजाराला निघाली. शहापूरच्या बाजूने पूल चढताना मध्यावर रांग थांबली. पुन्हा निघताना क्लच लवकर सुटला, गाडी बंद पडली आणि दोन हात मागे घसरली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला. शेजारी बसलेले वडील मोठ्याने ओरडले, स्वतःच हँडब्रेक ओढला आणि भर पुलावर तिला खाली उतरवून स्वतः चालवायला बसले. “मी उतरून पलीकडं जाईपर्यंत सगळे बघत होते,” ती म्हणाली. ऑटोमॅटिक गाडीला क्लचच नसतो, म्हणून पुन्हा तसे कधी होणार नाही, एवढा साधा हिशेब तिच्या हट्टामागे होता.

मैत्रिणींच्या गाड्यांचा तिच्या बोलण्यात उल्लेखसुद्धा आला नाही. शिवाय तो पूल तिच्या कॉलेजच्या वाटेवर येतच नव्हता, आणि हे तिच्याही लक्षात आले नव्हते. भीती एका जागी बसते आणि नंतर सगळ्या रस्त्यांवर दिसू लागते.

गाडी कोणती, हा प्रश्न मी त्या टप्प्यावर बाजूला ठेवला. अशा प्रकरणात मी नेहमी शंभर पानी वही देते आणि पंधरा दिवस येण्याजाण्याची नोंद करायला सांगते. घरातून किती वाजता निघालो, कोठे किती वेळ थांबलो, कोणती बस मिळाली, कोणती चुकली, कोणाला न्यायला यावे लागले, एवढेच त्यात लिहायचे. या वेळी वही मुलीने लिहायची आणि दर रविवारी वडिलांनी वाचून सही करायची, असे ठरवले. वीटभट्टीच्या माणसाला खेपांचा हिशेब कळतो, हे मला ठाऊक होते.

पंधरा दिवसांनी वही उघडली तेव्हा वडील बराच वेळ पाने उलटत बसले. बेळगाव ते खानापूर या सव्वीस किलोमीटरच्या टप्प्यात मुलीची अडचण जवळपास नव्हतीच. गर्दी असे, उभे राहावे लागे, पण बस मिळे. सगळी अडचण खानापूर ते घर या शेवटच्या बारा किलोमीटरमध्ये होती. कॉलेजच्या बारा दिवसांपैकी सात दिवस शेवटची बस चुकली होती. त्यातले दोन दिवस ती पावणेआठपर्यंत बसस्थानकावर एकटी बसून होती, कारण भट्टीवर मालाची गाडी आल्याने वडिलांना निघता आले नव्हते.

मग आम्ही तिथेच आकडे मांडले. घर ते कॉलेज अडतीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन शहात्तर. महिन्याला बावीस दिवस धरले तर १,६७२ किलोमीटर. छोट्या पेट्रोल गाडीचे अॅव्हरेज अठरा धरले तर सुमारे त्र्याण्णव लिटर, आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या वर असल्यामुळे महिन्याचा नुसता इंधनखर्च साडेनऊ हजारांच्या आसपास. त्यात गणेबैलचा टोलनाका रोज दोन वेळा. पण गाडी फक्त खानापूरपर्यंत न्यायची, बसस्थानकाजवळ राहणाऱ्या मावशीच्या अंगणात लावायची आणि पुढे बसने जायचे ठरवले, तर रोज चोवीस किलोमीटर, महिन्याला ५२८, पेट्रोल तीन हजारांच्या आसपास, आणि टोलनाका वाटेत येतच नाही. वडिलांनी दोन्ही आकड्यांखाली स्वतःच्या हाताने रेघ मारली. फुकट बस आणि गाडी यांत एकच निवडायचे, असे धरून ते दोन महिने भांडत होते. दोन्ही एकत्र वापरता येतात, हे मात्र वही वाचेपर्यंत त्यांच्या मनात आले नव्हते.

स्कूटर का नको, असे काही वाचकांना वाटेल. मीही विचारले होते. त्या रस्त्यावर पावसाळ्यात समोरचे दिसत नाही, संध्याकाळनंतर गवे उतरतात आणि अस्वलाची भीती असते. तिथल्या लोकांनी यावर माझ्याशी वादसुद्धा घातला नाही, नुसते माझ्याकडे पाहिले.

मामाच्या गाडीचा विषय अधिक नाजूक होता, कारण त्यात आईचे माहेर होते. मामांचे म्हणणे असे की कागद माझ्याच नावावर राहू देत, घरचीच गाडी आहे. आपल्या सीमाभागात निम्मी सोयरीक चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडची असते, त्यामुळे ‘एमएच ०९’ पासिंगची गाडी अशी अलीकडे येऊन राहणे नवीन नाही. ती पाटी दारात असावी असे अनेकांना मनातून वाटते, आणि ती भावना मलाही परकी नाही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते आणि येथला कर भरावा लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट मी आईला सांगितली. गाडी दुसऱ्याला दिली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच नुकसानभरपाईसाठी मालक धरला जातो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. उद्या काही घडले आणि त्या दिवशी विमा संपलेला निघाला, तर गडहिंग्लजच्या भावाच्या दारात नोटीस जाईल. आईने यावर काही उत्तर दिले नाही. पुढच्या भेटीत मात्र तिने स्वतःच सांगितले की भावाला फोन करून नको म्हटले. भाऊ दुखावला, दिवाळीला आला नाही. समुपदेशनाने सगळे गोड होते असा दावा मी करत नाही.

ड्रायव्हिंगचा प्रश्न सोडवण्यासाठी वडिलांना एकटे बोलावले. पुलावरची गोष्ट मुलीच्या परवानगीने त्यांच्यासमोर मांडली. त्यांना ती आठवत होती, पण वेगळी. त्यांच्या आठवणीत मागचा ट्रक होता, मुलीचा चेहरा नव्हता. “मी घाबरलो होतो हो,” ते म्हणाले. ओरडणारी बरीच माणसे घाबरलेली असतात, पण शेजारी बसलेल्या शिकाऊ चालकाला हे कळण्याचा काही मार्ग नसतो. मुलगी सरावाला जाताना वडिलांनी शेजारी बसायचे नाही, एवढेच आम्ही ठरवले. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी तिला आणखी सहा सकाळी शिकवले, त्यातली एक सकाळ येळ्ळूरजवळच्या राजहंसगडाच्या चढावर. हँडब्रेक ओढायचा, थोडी रेस द्यायची, क्लच हळूहळू अर्ध्यापर्यंत सोडायचा, गाडीने पुढे ओढ घेतली की मगच हँडब्रेक सोडायचा. त्या चढावर तिने हे पंधरा-वीस वेळा केले. ऑटोमॅटिकपैकी स्वस्तातल्या गाड्यांत साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लचचे काम यंत्र करते, त्यामुळे चढावर थांबवून ठेवणारी सोय नसेल तर तीही थोडी मागे येऊ शकते, असे त्या बाईंनीच तिला सांगितले. त्यानंतर ऑटोमॅटिकचा शब्द तिच्या तोंडून आला नाही.

मग कुठे गाडी कोणती, याकडे आम्ही वळलो, आणि तो भाग आश्चर्य वाटावे इतक्या लवकर संपला. बोलेरो बारा किलोमीटरसाठी मोठी होती, आणि भट्टीची गाडी झाली असती तर मुलीला ती कधीच वेळेवर मिळाली नसती, हे वडिलांनी स्वतःच कबूल केले. मी फक्त दोन तारखा सांगितल्या. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचे आहे, म्हणजे ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होत नाहीत. आणि जानेवारी २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या आहेत. गव्यांच्या रस्त्यावर या दोन गोष्टींसाठी वय कमी असलेली गाडी घेणे परवडते. त्यांनी २०२२ सालची, केए २२ पासिंगची, साध्या गिअरची सेकंडहँड वॅगनआर घेतली. कर्जाची नोंद उतरली आहे का ते पाहिले, आपल्या मेस्त्रीला दाखवली आणि पैसे देण्याआधी नाव बदलण्याचे अर्ज भरून घेतले.

शेवटच्या भेटीत तिघांनी एका कागदावर काही गोष्टी लिहिल्या. पेट्रोलचे पैसे वडिलांनी महिन्याच्या एक तारखेला द्यायचे, त्याहून जास्त लागले तर मुलीने आपल्या शिष्यवृत्तीतून घालायचे. गाडी खानापूरच्या पुढे न्यायची असेल तर आदल्या रात्री सांगायचे. तिसरी अट वडिलांनीच सुचवली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिली: गाडी चालू असताना कोणाचाही फोन उचलायचा नाही, घरी पोहोचल्यावर हाक मारायची.

जुलैत तिचा मला फोन आला. आदल्या संध्याकाळी पाऊस जोरात होता, आणि गावाच्या अलीकडे वळणावर पाच-सहा गवे रस्त्यात उभे होते. तिने दिवे डिपरवर केले, हॉर्न वाजवला नाही, काचा बंद ठेवून गाडीतच बसून राहिली. गवे हलेपर्यंत दहा-बारा मिनिटे गेली. तेवढ्या वेळात वडिलांचे तीन फोन येऊन गेले. गाडी उभी होती, पण चालू होती, म्हणून तिने एकही उचलला नाही. अंगणात गाडी लावून तिने हाक मारली, तेव्हा वडील कंदील घेऊन दारातच उभे होते.