सहावीच्या पालकांची पहिली सभा

चिरंजीव लेकी,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सहावीचा वर्ग तुझ्याकडे आला आणि जूनमधल्या पहिल्या पालकसभेची जबाबदारीही मुख्याध्यापकांनी तुझ्यावरच सोपवली, हे वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेली विषयपत्रिकाही वाचली. गणवेश, आधारमधील दुरुस्त्या, बँक खाते, उपस्थितीचे नियम, मोबाइलचे दुष्परिणाम आणि सर्वांत शेवटी ‘पालकांचे मनोगत, वेळ मिळाल्यास’. त्या शेवटच्या दोन शब्दांपाशी मी थांबले, आणि त्यांच्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

शाळा उघडते त्या दिवशी आपण प्रवेशोत्सव करतो. पहिलीच्या लेकरांना सजवलेल्या बैलगाडीतून आणतो, फुले देतो, हातात नवी पुस्तके ठेवतो. त्या मिरवणुकीत लेझीम कोण खेळते आणि फलक कोण धरते, तर सहावी-सातवीची मुले. त्यांचे स्वागत करायचे कोणाला सुचत नाही, आणि त्यांच्या आईवडिलांचे तर नाहीच. पहिलीच्या वर्गाबाहेर आया गर्दी करतात. सहावीच्या वर्गाबाहेर कोणी दिसत नाही. पालकांना आस्था नाही, असा निष्कर्ष यावरून आपण फार लवकर काढतो. मीही कित्येक वर्षे काढला. खरे कारण वेगळे आहे. पाचवीपर्यंत आई पाढे म्हणून घेते, शुद्धलेखनाच्या ओळी मोजते. सहावीत विषयांना वेगवेगळे शिक्षक येतात, बीजगणिताची चाहूल लागते, आणि घर मनाशी ठरवून टाकते, की आता यातले आपल्याला काही कळत नाही, पुढचे सर आणि बाई बघतील. अकराव्या-बाराव्या वर्षी, मुलाला घराची सर्वाधिक गरज असते त्या वेळी, घर मागे सरकते. तुझ्या पहिल्या सभेचे काम एवढेच आहे, की त्या मागे सरकलेल्या माणसांना पुन्हा पुढे बोलवायचे.

आधी वेळेचे पाहा. तू सकाळी अकराची वेळ ठेवली आहेस. मृगाचा पाऊस झाला असेल तर त्या आठवड्यात आपल्या बीड जिल्ह्यात दिवसा घरात माणूस सापडत नाही. कापसाची लागवड आणि सोयाबीनची पेरणी कोणासाठी थांबत नाही. सभा संध्याकाळी सातनंतर ठेव. तांड्यावरच्या पालकांना अंधारात शाळेपर्यंत येणे अवघड असेल, तर त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी तूच तांड्यावर जा. शिक्षण हक्क कायद्याचे नियम उच्च प्राथमिक शाळा वस्तीपासून तीन किलोमीटरच्या आत असावी असे सांगतात, म्हणजे सहावीच्या मुलीला रोज तेवढे चालावे लागू शकते. पावसात ओढा भरला की ती कोणत्या वाटेने येते, हे एकदा तुझ्या पायांनी पाहिलेस, तर उपस्थितीच्या नियमांवर तू काय बोलशील ते आपोआप बदलेल.

आता एक प्रसंग सांगते. तो माझ्या चुकीचा आहे. मी नवी असताना सभेच्या दिवशी टेबलावर उपस्थितीची वही, पेन आणि शाईचा पॅड मांडला होता. एक बाई दारापाशी चपला काढून बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आत आल्यावर मी न विचारताच पॅड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही न बोलता अंगठा उठवला, पदराच्या कडेला शाई पुसली आणि मागच्या भिंतीशी जाऊन बसल्या. पुढे काही महिन्यांनी मुलाच्या रजेचा अर्ज आला. तो त्या आईनेच लिहिला होता. अक्षर वळणदार होते आणि खाली पूर्ण सही होती. ती बाई सातवी शिकलेली होती. त्या एका सरकवलेल्या पॅडने मी तिला वर्षभरासाठी शाळेपासून दूर लोटले होते. तेव्हापासून पॅड मी कपाटात ठेवू लागले. कोणी मागितला तरच काढायचा. बसायला सर्वांना सतरंजी असेल तर तूही सतरंजीवरच बस.

कागदपत्रांचा विषय या सभेतून पूर्ण काढून टाक. आधारवरचे नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक ही कामे महत्त्वाची आहेत, परंतु ती सुरू झाली की सभेचे तहसील कार्यालय होते आणि ज्याच्या नावात चूक आहे तो मान खाली घालून बसतो. त्यासाठी वेगळा दिवस दे. एसटीचे मात्र आवर्जून सांग, कारण पाचवीपासून पुढच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो हे अजूनही प्रत्येक घराला ठाऊक नसते, आणि भाड्याच्या पैशांवरून एखाद्या मुलीची शाळा सुटावी याहून वाईट काय असेल?

बोलायला सुरुवात पोषण आहारापासून कर. पाचवीपर्यंतच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य धरलेले असते, सहावीपासून १५० ग्रॅम. सरकारी मापातसुद्धा मूल दीडपट वाढले आहे, असे सांगितलेस की आयांच्या चेहऱ्यावर लगेच ओळख उमटते. मग विचार, घरी काय फरक पडला? भूक कशी आहे? झोप किती आहे? चिडचिड होते का? या प्रश्नांची उत्तरे फक्त त्यांच्याकडे असतात, तुझ्याकडे नसतात. मुलींच्या आयांशी थोडा वेळ वेगळे बोल. पाळी सुरू झाली आहे का, त्या दिवसांत मुलगी घरी का राहते, शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी असते का, हे त्या तुला सांगतील. पुरुष शिक्षकाला सांगणार नाहीत.

गणिताबद्दलही एक अनुभव सांगते. सहावीत पूर्णांक संख्या येतात आणि ऋण संख्येपाशी मुले हटकून अडखळतात. एका सभेत मी फळ्यावर ऋण आठ लिहिले आणि याचा अर्थ कोणी सांगेल का, असे विचारले. सगळे गप्प. मग मी म्हटले, ऊसतोडीच्या मुकादमाकडून पन्नास हजारांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली आणि हंगामात बेचाळीस हजारांचे काम झाले, तर काय उरते? मागून एक गृहस्थ तात्काळ म्हणाले, “आठ हजार अंगावर.” मी फळ्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवले. ते उठून पुढे आले, आकड्याआधीच्या त्या आडव्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “ही रेघ म्हणजे अंगावर?” दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने हा धडा वर्गाला समजावून सांगितला. (उदाहरण नेहमी असे सर्वसाधारण घे; कोणाचे खरे देणे चारचौघांत निघता कामा नये.) घरी अभ्यास कसा घ्यावा, असे निरक्षर पालकाने विचारले, तर एवढेच सांग, की मूल मोठ्याने वाचत असताना जवळ बसा आणि आज काय शिकलास ते मला समजावून सांग, असे म्हणा.

तुझ्या वर्गातली काही घरे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे जातील. हे सर्वांना ठाऊक असूनही जूनच्या सभेत कोणी बोलत नाही आणि ऑक्टोबरमध्ये पटावरची नावे एकाएकी गायब होतात. तू जूनमध्येच विचार. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची माहिती दे; मूल बरोबर जाणारच असेल तर स्थलांतरित मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणारे शिक्षण हमी कार्ड काय असते आणि तिथल्या शाळेत ते कसे दाखवायचे, ते सांग. मुलीबद्दल जास्त चिकाटीने बोल. बारा वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, गेली की भाकरी आणि धाकटे भावंड तिच्या गळ्यात पडते, आणि तिला मागे ठेवायचे म्हटले की आईला तिच्या सुरक्षिततेचा घोर लागतो. त्या घोरातूनच लवकर लग्न उरकण्याचा विचार पुढे येतो. तेथे कायद्याची कलमे आधी काढू नकोस. मुलगी रात्री कोणाच्या घरी झोपेल, हे आईबरोबर बसून ठरव. ते ठरले की बाकीचे बोलणे ती ऐकून घेते.

परीक्षेबद्दल कोणी तरी विचारेलच, कारण २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीच्या मुलांना वार्षिक परीक्षेत व नंतरच्या पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण न झाल्यास त्याच वर्गात ठेवता येते. सहावीला ते लागू नाही, एवढे स्पष्ट सांग आणि पुढे जा. व्हॉट्सॲपचा गट जरूर कर, पण प्रत्येक घरी फोन दिवसभर कोणाच्या हातात असतो ते विचारून घे, आणि निरोप लिहून पाठवण्याऐवजी बोलून पाठव.

सभा झाल्यावर मला फोन कर. किती जण आले हे तुला अहवालात लिहावेच लागेल. मला मात्र कोण आले नाही ती नावे सांग, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या घरी तू रविवारी जाणार आहेस तेही.

तुझ्या,
बाई