‘अ‍ॅग्रो’ म्हणजे शेती नव्हे, ‘कंट्रोल’ म्हणजे बचाव नव्हे

एका वाचकांची विचारणा अशी आहे: “माझी मुलगी मॅजिकसारखे पत्त्यांचे खेळ खेळते, ज्यात पत्ते जमवून स्वतःचा डेक बनवायचा असतो. परवा म्हणाली, ‘माझा डेक अ‍ॅग्रो, समोरच्याचा कंट्रोल, म्हणून हरले.’ मी म्हटलं, म्हणजे तुझा आक्रमक आणि त्याचा बचावात्मक. तर म्हणते, ‘बाबा, तसं नसतं ते!’ मग कसं असतं? या शब्दांना मराठीत काय म्हणावं? आणि मी ‘माझं डेक’ म्हणतो, ती ‘माझा डेक’ म्हणते. बरोबर कोण?”

मुलीचं बरोबर आहे. आक्रमक-बचावात्मक ही जोडी आपल्या जिभेवर बसली आहे ती क्रिकेटच्या समालोचनामुळे, आणि तिथे ती फटका कसा मारला ते सांगते. पत्त्यांच्या या खेळांत अ‍ॅग्रो आणि कंट्रोल हे शब्द वेळ सांगतात. हा डाव कधी संपला तर माझ्या फायद्याचा, लवकर की उशिरा? एवढा एक प्रश्न मनात धरला की बाकीच्या शब्दांची गाठ सुटायला लागते.

आधी ‘डेक’. पत्त्यांच्या बावन्न पानांना आपण ‘कॅट’ म्हणतो, क्वचित ‘जोड’. मग डेकला कॅट का म्हणू नये? कारण कॅट तयार असतो, सगळ्यांचा मिळून एकच असतो, आणि त्यातली पानं वाटली जातात. इथे प्रत्येक जण आपली पानं स्वतः निवडून आणतो. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आला, तेव्हा त्यातली नवी गोष्ट हीच होती की खेळ सुरू होण्याआधीच अर्धा खेळ घरी बसून झालेला असतो. मॅजिकमध्ये आता साधारणपणे किमान ६० पत्त्यांचा डेक लागतो आणि मूळ जमिनीची पानं (बाकीची पानं खेळायला शक्ती पुरवणारी) सोडली तर एकाच पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती चालतात. याच जातीच्या इतर खेळांपैकी पोकेमॉनमध्ये बरोबर ६० पत्ते, यू-गी-ओमध्ये ४० ते ६० आणि तीन प्रती, हार्थस्टोनमध्ये ३० पत्ते आणि दोन प्रती. हे आकडे पाठ करण्यासाठी देत नाही. निवडीला मर्यादा असली तरच निवडीला अर्थ येतो, म्हणून देतो. ‘संच’ म्हणून पाहिलं, पण मुलांच्या कपाटात जमलेला ढीग हाही संचच. ‘गड्डी’ म्हटलं की नोटा दिसतात. माझं मत: डेकला डेकच म्हणावं.

‘स्ट्रॅटेजी’साठी मात्र आपल्याकडे एक नाही, दोन चांगले शब्द आहेत, आणि आपण ते उगाच एकमेकांत मिसळतो. ‘डावपेच’ हा आखाड्याचा शब्द. अंगाला अंग भिडल्यावर, समोरच्याने पट काढायला हात घातल्यावर जे सुचतं ते डावपेच. ‘व्यूह’ मात्र लढाईला तोंड लागण्यापूर्वी रचला जातो: चक्रव्यूह, गरुडव्यूह. डेकची बांधणी म्हणजे व्यूह, आणि हातात आलेल्या पानांशी नंतर केलेली झटापट म्हणजे डावपेच. तुमच्या मुलीने जे सांगितलं ते व्यूहाबद्दल होतं. अ‍ॅग्रो, कंट्रोल, कॉम्बो ही व्यूहांची नावं आहेत.

आता अ‍ॅग्रो. हा ‘अ‍ॅग्रेशन’चा तुकडा. देवनागरीत त्याची पंचाईत अशी झाली की शेतीवाचक ‘अ‍ॅग्रो’ही आपण हुबेहूब असाच लिहितो. इंग्रजीत एका ‘ग’चा फरक आहे, आपल्याकडे तोही नाही. ‘अ‍ॅग्रो डेक’ वाचून एखाद्याला बी-बियाणं आणि खतं आठवली, तर दोष त्याचा नाही. मी ‘धडक डेक’ सुचवेन. ‘आक्रमक’ हे स्वभावाचं वर्णन झालं. ‘धडक’ शब्दात वेग आणि थेटपणा आहे, आणि धडक देणाऱ्यापाशी मागे वळायला फारसं काही उरत नाही, हेही आहे.

धडक डेक धडक का देतो, हे हिशेबाने पाहू. मॅजिकमध्ये प्रत्येक खेळाडूचे प्राण २० असतात. पान खेळायला ‘माना’ नावाची शक्ती खर्च करावी लागते. (हा शब्द प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या भाषांमधून आला आहे. तिथे त्याचा अर्थ अलौकिक सामर्थ्य असा आहे. आपल्या ‘मान’ आणि ‘मानणे’शी त्याचा काही संबंध नाही, जरी ‘माना संपला’ ऐकून मान वळते खरी.) हा माना जमिनीच्या पानांतून मिळतो आणि जमिनीचं पान एका फेरीत एकच टाकता येतं, म्हणून पहिल्या फेरीत एक माना, दुसऱ्या फेरीत दोन, असं वाढत जातं. समजा तुमच्या हातातली सगळी पानं पाच मानांची आहेत. पाचव्या फेरीपर्यंत तुम्ही हात बांधून बसणार. पहिल्या चार फेऱ्यांचे एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार, असे दहा माना वाया जाणार. धडक डेकवाला तेच दहा माना वापरून पहिल्या फेरीपासून लहान लहान प्राणी मैदानात उतरवत असतो. ‘लाइटनिंग बोल्ट’ हे पान एका मानात तीन प्राण घेतं, म्हणजे अशा सात घावांत वीस प्राणांचा निकाल. प्रत्यक्षात चारच प्रती चालत असल्याने सात बोल्ट कधी मिळत नाहीत, पण धडक डेक रचणाऱ्याच्या डोक्यात गणित याच जातीचं चालू असतं.

यातूनच ‘माना कर्व्ह’ हा शब्द येतो. कोणत्या खर्चाची किती पानं आहेत, याचा तो आलेख. ‘वक्ररेषा’ म्हटलं तर भूमितीचा तास सुरू होईल. मला इथे ‘उतरंड’ फार आवडतो. मडक्यांची उतरंड: खाली रुंद, वर निमुळती. एक-दोन मानांची पानं भरपूर, तीनची कमी, चारची मोजकी, त्यापुढे एखाददुसरं. धडक डेकचा आकार जवळपास असाच असतो. सामाजिक लेखनात ‘उतरंड’ला वरच्या-खालच्या दर्जाचा कडवट अर्थ चिकटला आहे, हे मान्य. पण ‘खर्चाची उतरंड’ म्हटलं की तो अर्थ मध्ये येत नाही. १९९६ मध्ये जे श्नायडर यांनी अशी उतरंड नीट मोजून एक लाल डेक रचला आणि पॉल स्लाय यांनी तो स्पर्धेत खेळवला. सुटी सुटी पाहिली तर त्यातली बरीचशी पानं किरकोळ होती. पण जवळजवळ प्रत्येक फेरीत खेळायला काहीतरी हाताशी असायचं. त्या जातीच्या डेकना पुढे ‘स्लाय’च म्हणू लागले. बांधणाऱ्याचं नाव मागे पडलं आणि खेळणाऱ्याचं टिकलं!

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येऊ. ‘कंट्रोल’ला ‘नियंत्रण’ म्हणता येईल, पण तो शब्द किडींच्या आणि रहदारीच्या नियंत्रणात इतका रुळला आहे की त्यात खेळ उरत नाही. आणि ‘बचावात्मक’ चूक आहे, कारण बचाव करणाऱ्याला हार टाळायची असते, कंट्रोलवाल्याला जिंकायचंच असतं. फक्त त्याला उशिरा जिंकायचं असतं. तो तुमचं प्रत्येक पान रोखतो, मारतो, नाहीतर परत पाठवतो. मधल्या काळात स्वतः जास्तीची पानं ओढत राहतो. तुम्ही रिकाम्या हाताने बसलात की मग एखादं मोठं पान सावकाश टेबलावर ठेवतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ब्रायन वाइसमन यांनी असा एक डेक इतका गाजवला की त्याला नुसतं ‘द डेक’ म्हणत. त्यात डाव जिंकून देणारी पानं जेमतेम दोन, ‘सेरा एंजल’ची. बाकी सगळा डेक समोरच्याला दमवायला.

‘दमवायला’ हा शब्द सहज आला, पण तोच हवा होता. ‘दम’ या एका शब्दात मराठीने तीन गोष्टी ठेवल्या आहेत. दमाने घेणं म्हणजे सबुरी, दम टिकणं म्हणजे ताकद पुरवणं, आणि दुसऱ्याला दमवणं म्हणजे त्याची ताकद संपवणं. कंट्रोल डेक या तिन्ही गोष्टी करतो. म्हणून धडकेसमोर ‘दमाचा डेक’. तुमची मुलगी का हरली असेल, याचाही अंदाज यातून बांधता येतो. तिने चार प्राणी मैदानात आणले असतील आणि समोरच्याने सगळं मैदान साफ करणारं एकच पान टाकलं असेल. तिची चार पानं गेली, त्याचं एक गेलं. यालाच खेळाडू ‘कार्ड अ‍ॅडव्हान्टेज’ म्हणतात. मराठीत ‘एकास चार’ म्हटलं की पुरे. पुढच्या वेळी तिने दोन प्राणी मैदानात आणि दोन हातात ठेवून पाहावेत. हा सल्ला शब्दचर्चेबाहेरचा आहे, पण देऊन टाकतो.

तिसरा व्यूह ‘कॉम्बो’. इथे वेळेचा प्रश्न निराळा होतो. डाव लवकर संपवायचा की उशिरा, याला महत्त्व नाही. ठरावीक पानं एकत्र आली की त्या क्षणी डाव संपतो. ‘संयोग’ फार रासायनिक वाटतो. ‘जोडगोळी’ छान आहे, एकटी पडली तर निरुपयोगी आणि जुळली तर कुणाला न आवरणारी. अडचण इतकीच की जोडगोळी दोघांची, आणि कॉम्बोत तीन-चार पानंही लागतात. यू-गी-ओमधला ‘एक्झोडिया’ तर पाच पानांत विभागलेला आहे. पाचही हातात आली की सरळ विजय, आणि प्रत्येक भागाची एकच प्रत चालते. ४० पत्त्यांच्या डेकमधून पहिल्याच पाच पानांत हे पाच येण्याची शक्यता ६,५८,००८ मध्ये एक. म्हणून एक्झोडियाचा डेक म्हणजे मुख्यतः पानं ओढण्याचं यंत्र असतं, आणि तो बांधणारा चाळीसवर एकही पान वाढवायला नाखूश असतो. मी ‘जुळणीचा डेक’ म्हणेन. ‘जुळणी झाली’, ‘जुळणी फसली’, ‘एका पानाने जुळणी अडली’ ही वाक्यं तोंडात बसतात. नवा शब्द सुचवताना मी हीच परीक्षा घेतो. नुसतं नाम पुरत नाही, त्याला क्रियापदं लागली पाहिजेत.

‘मिडरेंज’ला ‘मध्यम’ म्हणू नका, गुणपत्रिकेवरचा शेरा वाटतो. ‘मधल्या फळीचा डेक’ म्हणा. सुरुवातीला तग धरायचा आणि चौथ्या-पाचव्या फेरीला भक्कम पानं उतरवून सामना फिरवायचा. क्रिकेटने आपल्याला हा शब्द फुकट देऊन ठेवला आहे.

‘टेम्पो’ची गंमत सांगायलाच नको. ‘माझा टेम्पो डेक आहे’ म्हटल्यावर आपल्याला सामान हलवणारी गाडीच दिसते. मूळ इटालियन अर्थ ‘वेळ’, आणि बुद्धिबळात तो एका चालीच्या फायद्याला वापरतात. तुम्ही पाच माना खर्चून राक्षस उभा केलात आणि मी एका मानात तो तुमच्या हातात परत पाठवला, तर राक्षस मेला नाही, पण तुमची अख्खी फेरी गेली. याला मराठीत ‘उसंत न देणं’ म्हणतात. ‘उसंत’ हे वेळेचंच माप आहे. नाम म्हणून ‘बिनउसंत डेक’ जरा जड जातो, हे कबूल. पण ‘त्याने मला उसंतच दिली नाही’ या वाक्यात टेम्पो पुरता मावतो.

मला सर्वांत आवडलेला शब्द मात्र ‘मिल’. समोरच्याचे प्राण न घेता त्याचा डेकच संपवायचा. मॅजिकमध्ये पान ओढायची वेळ आली आणि डेकमध्ये पान नसेल, तर खेळाडू हरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मिल म्हणजे कापडगिरणी. पण हा शब्द आला १९९४ च्या ‘मिलस्टोन’ या पानावरून, आणि मिलस्टोन म्हणजे जातं. ते पान डेकवरचे दोन पत्ते उचलून थेट स्मशानात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात टाकायचं. खेळाडू इतकी वर्षं ‘मिल करणं’ म्हणत राहिले की २०२० मध्ये मॅजिक काढणाऱ्या कंपनीनेही तो शब्द अधिकृतपणे पत्त्यांवर छापायला घेतला. मराठीत तर काही शोधायलाच नको: डेक दळणे. ‘त्याने माझे वीस पत्ते दळले.’ जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हण जणू या डेकसमोर बसूनच कुणी रचली असावी.

शब्द जुळवून झाल्यावर एक सावधगिरी. ही नावं डेकवर गोंदलेली नसतात. दोन धडक डेक समोरासमोर आले तर दोघांनी एकदम धडक देऊन चालत नाही. ज्याची उतरंड किंचित जड, त्याला दमाची बाजू घ्यावी लागते. १९९९ मध्ये मॅजिकवर लिहिणाऱ्या माइक फ्लोरेस यांनी नेमका हा मुद्दा मांडला: या सामन्यात मारणारा कोण आणि तगणारा कोण, हे चुकीचं ओळखलं की डाव गेला. म्हणून मुलगी ‘माझा डेक अ‍ॅग्रो आहे’ म्हणाली, तर ‘कुणासमोर?’ असं विचारून बघा. या वेळी ‘बाबा, तसं नसतं ते’ असं उत्तर येणार नाही.

राहिला लिंगाचा प्रश्न. परभाषेतून आलेली याच उच्चाराची नामं पाहा: चेक फाटला, केक कापला, ब्रेक लागला. सगळी पुल्लिंगी. आणि जसं आपण ‘चेकवर सही’ म्हणतो, ‘चेकावर’ नाही, तसंच ‘डेकमध्ये’, ‘डेकवर’. तेव्हा ‘माझा डेक’. इथेही मुलीचंच बरोबर आहे.