‘संशयकल्लोळ’ घेऊन दौऱ्यावर निघताय?

लहान नाट्यगृहांत हे नाटक बसवणार असशील, तर नायक अश्विनशेठला पदं लांबवू देऊ नकोस. त्याच्या ‘मृगनयना’ या पदाला वन्समोअर येतो, मोह होतोच. पण नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक आधी गद्यात लिहिलं होतं. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली संगीत नाटक म्हणून रंगमंचावर आणलं. गंमत आजही संवादांच्या वेगात आहे. तान ताणली की संशयी नवरा फाल्गुनराव याचा संशय थंडावतो आणि पुढचा हशा जातो.

ज्या तसबिरीवरून संशय पेटतो, ती शेवटच्या रांगेला दिसायलाच हवी. फाल्गुनरावाच्या बायकोचा, कृत्तिकेचा, अंगठा चित्रावर येतो, तेवढं तालमीत बघ. माइक शक्यतो टाळ. प्रवासाने गायकाचा घसा बसला तर पट्टी अर्ध्या स्वराने उतरव, मात्र तबलजीला दुपारीच सांग, म्हणजे त्याला तबला बदलता येईल.