कारमधील कंपने सक्रिय नियंत्रण प्रणालीने पूर्णपणे थांबवता येतात का? जुन्या गाडीत ती बसवून घ्यावी का?

पूर्णपणे नाही, परंतु कंपनाच्या विरुद्ध धक्का देणाऱ्या या प्रणालीने इंजिनाची ठरावीक लयीतील कंपने पुष्कळ कमी होतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत तीन स्फोट होतात, म्हणजे आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) मिनिटाला 800 फेऱ्यांवर (आरपीएम) सेकंदाला 20 हादरे. ही लय क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून आधीच कळत असल्यामुळे माउंटमधील, म्हणजे इंजिन बॉडीवर टेकवणाऱ्या रबरी आधारातील, अ‍ॅक्च्युएटरला (धक्का देणाऱ्या भागाला) नेमक्या वेळी उलट धक्का देता येतो. होंडाने 2003 च्या इन्स्पायर कारमध्ये सहापैकी तीन सिलिंडर बंद ठेवण्याची सोय दिली, तेव्हा तिच्या जोडीला असेच माउंट दिले होते.

उरलेले कंपन मोजणारा सेन्सर कुठे बसवायचा, यावर मात्र सगळे अवलंबून असते. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी माउंटचे काम करत असताना आमच्या वरिष्ठांचा आग्रह होता की सेन्सर इंजिनावरच लावावा, कारण वायरिंग आखूड होते आणि इंजिन स्थिर झाले की गाडीही स्थिर होते. माझे म्हणणे नेमके उलट होते: इंजिनाला हलू द्यावे, त्याचा हादरा बॉडीपर्यंत पोहोचू देऊ नये. इंजिन धरून ठेवायचे तर अ‍ॅक्च्युएटर बॉडीलाच रेटा देतो. चाचणीत तसेच घडले. इंजिन शांत झाले आणि एसी सुरू करताच सीटची रेल व स्टिअरिंग अधिक थरथरू लागले. दोष इलेक्ट्रॉनिक्सवर टाकण्यात आला. पुढे सेन्सर बॉडीच्या बाजूच्या ब्रॅकेटवर नेला आणि थरथर स्पष्टपणे कमी झाली. तरी बैठकीच्या इतिवृत्तात श्रेय नव्या रबराला मिळाले. ते मला आजही मान्य नाही.

उलट धक्का कंपनाच्या एका आवर्तनाच्या 360 पैकी 60 अंशांनी चुकला, म्हणजे 20 हर्ट्झला साधारण 8 मिलिसेकंद, तर तेवढ्याच जोराचा असूनही त्याचा काही उपयोग होत नाही. त्यापुढे तो कंपन वाढवतो. त्यामुळे त्या विशिष्ट गाडीवर जुळवणी न करता बसवलेला संच निरर्थक आहे.

अर्थात, 80-100 च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि आयडलिंगला थरथरत असेल तर माउंटचे रबर तपासावे; जुन्या गाडीत बहुधा तेवढ्यानेच भागते. तरीही कोणी सक्रिय संच विकू लागला, तर सेन्सर कुठे बसवणार हे विचारा आणि "इंजिनावर" असे उत्तर आले तर पैसे देऊ नका.