बाल्टिमोर कोल्ट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ खरंच एका रात्रीत शहर सोडून गेला का? आणि का?

हो, खरंच. २८ मार्च १९८४ च्या रात्री सामान हलवणाऱ्या मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक संघाच्या सराव केंद्रावर येऊन थांबले आणि हेल्मेटपासून ऑफिसातल्या फायलींपर्यंत सगळं सामान भरून इंडियानापोलिसच्या वाटेला लागले.

मूळ वाद स्टेडियमचा. मालक रॉबर्ट अर्से यांना जुनं मेमोरियल स्टेडियम पसंत नव्हतं, आणि इंडियानापोलिसचा नवाकोरा हूझिअर डोम संघाची वाटच बघत होता. एवढी घाई झाली ती मेरीलँडच्या, म्हणजे बाल्टिमोर ज्या राज्यात आहे त्याच्या, विधिमंडळामुळे. रस्त्यासाठी जमीन संपादित करतात तसा संघच ताब्यात घेता यावा, असं विधेयक तिथे पुढे सरकत होतं. ते मंजूर व्हायच्या आत अर्से निघाले.

मला सगळ्यात भावतो तो कोल्ट्सचा बँड. त्यांचे गणवेश त्या रात्री धुलाईला गेले होते, म्हणून ट्रकमध्ये गेले नाहीत. पुढची बारा वर्षं संघ नसतानाही हा बँड वाजवत राहिला. १९९६ मध्ये क्लीव्हलँडचा ब्राउन्स संघ बाल्टिमोरला आला आणि रेव्हन्स झाला.

क्लीव्हलँडने मात्र भांडून ब्राउन्स हे नाव, रंग आणि विक्रम स्वतःकडेच ठेवले. १९९९ मध्ये ब्राउन्स पुन्हा मैदानात उतरले. बाल्टिमोरला हा न्याय मिळाला नाही. १९५८ चं अजिंक्यपद आजही इंडियानापोलिसच्या खात्यावर मोजलं जातं. ते जिंकून देणारे खेळाडू जॉनी युनायटस यांनी मात्र स्थलांतरित संघाशी कसलाही संबंध ठेवायला साफ नकार दिला.