तुळशीची माळ आणि चौकशी अहवाल

प्रिय भगिनी,

तुम्ही परिविक्षा अधिकारी आहात. भीक मागताना पकडलेल्या माणसाची चौकशी करून न्यायालयाला अहवाल देणे हे तुमचे काम. मध्यंतरी समोर आलेल्या म्हातारीच्या गळ्यात तुमच्यासारखीच तुळशीची माळ होती, तिने ‘माउली’ म्हणत हात जोडले, आणि तुमच्या दोन ओळींच्या अहवालानंतर तिची रवानगी भिक्षेकरी गृहात झाली. तेव्हापासून हरिपाठात मन लागत नाही, असे तुम्ही लिहिता. यजमान मात्र म्हणतात की सरकारचे मीठ खायचे तर सरकारचा कायदा पाळावा, आणि भिक्षेला तर संतांनीही लाजिरवाणे म्हटले आहे. दारी आलेल्याला भाकरी देणेही आता गुन्हा आहे का, असे सासूबाई विचारतात.

यजमानांचा दाखला खरा आहे, पण तो लागू चुकीच्या ठिकाणी केला आहे. संतांचा तो राग देवाच्या नावावर आयते खाणाऱ्यावर होता. निराधार म्हातारीला गाडीत घालून कोंडावे, असे त्यातून निघत नाही. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा मात्र नेमके तेच करतो. वॉरंटशिवाय अटक, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे स्थानबद्धता, आणि व्याख्या इतकी ऐसपैस की उपजीविकेचे साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणेही त्यात बसते. (पहाटेचा वासुदेवसुद्धा त्यातून सुटत नाही.) दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातील अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या, महाराष्ट्रात तो लागूच आहे. तेव्हा तुमची अस्वस्थता हा नुसता हळवेपणा नव्हे.

तरीही यापुढे अशी म्हातारी समोर आली की ‘ही बाई भीक मागत नव्हती’ असे खोटेच लिहून तिला सोडवण्याचा तुमचा विचार मला मान्य नाही. साने गुरुजींनी १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, पण त्याआधी गावोगाव फिरून आपले म्हणणे उघडपणे मांडले. चोरून केलेल्या खाडाखोडीला तसा आधार नसतो. शिवाय ती उघडकीस आली, तर पुढच्या प्रत्येक म्हातारीबद्दल तुमचा शब्द कोणी मानणार नाही. राजीनाम्याचीही घाई नको, कारण तुमच्या जागी येणारा त्याच दोन ओळी डोळे झाकून उतरवील.

खरी जागा त्या अहवालातच आहे. पुन्हा भीक मागण्याची शक्यता नाही अशी खात्री पटल्यास न्यायालय समज देऊन, जातमुचलक्यावर सोडू शकते. ती खात्री तुमच्याच चौकशीतून पटायची असते. म्हणून दोन ओळींऐवजी दोन पाने लिहा: मुलगा कुठे आहे, घर कसे सुटले, आधार कार्ड आहे का, श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कोणी भरून दिला होता का. नसेल तर तो तहसील कार्यालयात दाखल करून पोच अहवालाला जोडा. उलट, न केलेल्या चौकशीवर सही करा असे वरून सांगण्यात आले, तर लेखी नकार द्या आणि त्याचे जे परिणाम होतील ते सोसायची तयारी ठेवा.

वर्तमानपत्रांतून कायद्यावर टीका करण्यास तुम्हाला वर्तणूक नियमांची आडकाठी आहे. पण आपल्या खात्याच्या आयुक्तालयाला आपल्या नावानिशी टिपण पाठवण्यास ती नाही. आणि सासूबाईंना सांगा, दारी आलेल्याला भाकरी देणे या कायद्यात गुन्हा नाही.